पैसे घ्या, पण सही करताना 'हरकत राखून' लिहायला विसरू नका

पत्र सोलापूर जिल्ह्यातनं आलंय. लिहिणारा तिशीतला शेतकरी आहे, नाव आणि गाव मुद्दाम देत नाही. पत्र बरंच मोठं होतं, त्यातला मुख्य भाग असा:

"ताई नमस्कार. आमची एका गटात साडेचार एकर जमीन आहे, त्यातली ४८ गुंठे नॅशनल हायवेच्या बायपासमधे जातीये. वडील २०१९ ला वारले. आई, मी, धाकटा भाऊ आणि दोन लग्न झालेल्या बहिणी आहेत. ३डी (जमीन सरकारकडे गेल्याची अधिसूचना) होऊन गेलं आणि आता ३जी (मोबदला ठरवण्याची) नोटीस आलीय की काय ते म्हणणं कागदपत्रांसह सादर करा. संयुक्त मोजणीच्या यादीत विहीर लागलीय पण डाळिंबाची ३१० झाडं लागलीच नाहीत, ७/१२ ला जिरायत आहे म्हणतात. चुलते म्हणतात पैशाला हातच लावायचा नाही, एकदा घेतले की केस संपली. गावात एक एजंट फिरतोय, तो म्हणतो १२ टक्के द्या, दुप्पट करून देतो. भाऊ म्हणतो बहिणींच्या हक्कसोडवर सह्या घेऊन टाकू म्हणजे कटकट नको. मला रात्री झोप येत नाही. काय करू?"

भाऊ, झोप लागत नाही हे वाचून वाईट वाटलं आणि ते साहजिकच आहे, कारण जमीन जाते तेव्हा नुसते गुंठे जात नाहीत. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट चांगली आहे, ती म्हणजे निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश किंवा अवॉर्ड, अजून झालेला नाही. अवॉर्ड व्हायच्या आधी पत्र लिहिणारे मला फार कमी भेटतात, बहुतेक जण चेक हातात पडल्यावर विचारतात की हे एवढेच कसे, आणि तोपर्यंत निम्मी लढाई हातातनं गेलेली असते.

आधी चुलत्यांचं बघू, कारण घरातलं मोठं माणूस एखादी गोष्ट ठासून सांगतं तेव्हा ती मोडणं अवघड जातं. पैसे घेतले की केस संपली हे खरं नाही. पैसे घ्यायचे, मात्र घेताना पावतीवर, चेकच्या रजिस्टरला, जिथं जिथं सही कराल तिथं सहीच्या वर आपल्या हाताने लिहायचं, 'रक्कम मान्य नाही, वाढीव मोबदल्याचा हक्क व हरकत राखून स्वीकारली'. ऑफिसात याला अंडर प्रोटेस्ट म्हणतात. पैसे नाकारून बसलात तर रस्ता काही थांबत नाही. ३डी झालं त्या दिवशी कायद्याने जमीन केंद्र सरकारकडे गेली, मोबदला जमा केला की ते ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेऊ शकतात, आणि तुमचे पैसे तिकडे पडून राहतात. तोवर घरात शाळेच्या फिया, सोसायटीचं कर्ज, आईची औषधं हे सगळं चालूच असतं ना.

हे मी एवढं जीव तोडून का सांगते त्याला कारण आहे. माझ्या वडिलांची पावणेदोन एकर जमीन १९८८ ला कालव्यात गेली. तेव्हा १८९४ चा जुना कायदा होता. १९९० ला पैसे वाटायला साहेब लोक आले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि वडिलांच्या मागे उभी होते. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलेलं, पेटीत स्टॅम्पपॅड, आणि एक कारकून प्रत्येकाला बोटाने जागा दाखवत होता, इथं करा सही. वडिलांना चौथीपर्यंत लिहायला यायचं, त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण तोंडात धरलं, आणि दाखवलेल्या जागी नाव लिहिलं, बास. आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने, त्याचा मेव्हणा कोर्टात नोकरीला होता म्हणून, सहीच्या वर एक ओळ जास्त लिहिली. त्या एका ओळीवर तो कलम १८ खाली कोर्टात गेला आणि १९९९ ला त्याचा रेट जवळपास तिप्पट झाला. माती तीच, पाणी तेच, बांधाच्या अल्याड आम्ही आणि पल्याड तो.

आणि याच्याहून जास्त लागतं ते पुढचं. त्या जुन्या कायद्यात २८अ नावाचं कलम होतं, की शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं तर जे कोर्टात गेले नव्हते त्यांनीही तीन महिन्यात अर्ज केला तर तोच रेट मागता येतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. मला कळलं ते २००३ ला, जेव्हा मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर एका वकिलांकडे टायपिंगला लागले आणि दुसऱ्याच कुणाचा २८अ चा अर्ज टाईप करत होते. टाईप करता करता हात थांबले माझे. वडील तेव्हा हयात होते, मी त्यांना घरी जाऊन सांगितलं नाही. पुढं वीस वर्षं मी हेच कागद टाईप केले, म्हणून मी वकील नसले तरी कुठली ओळ राहिली की माणूस कुठं अडकतो हे मला माहितीय.

आता तुमचा कायदा कुठला ते आधी नीट समजून घ्या, कारण गावात सगळे सगळ्यांचे नियम एकमेकांत मिसळून सांगतात. तुमच्या नोटिशीवर ३डी, ३जी आहे म्हणजे तुमचं संपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली चाललंय. यात ३ए ची अधिसूचना येते, तिच्यापासून २१ दिवसात हरकत घ्यायची असते, ती वेळ तुमची गेली, म्हणून आता जमीन वाचवायची भाषा सोडा आणि पूर्ण लक्ष रकमेवर द्या. ज्यांच्या नोटिशीवर कलम ११, १९, २१ असं आहे त्यांचं २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली चाललंय, कालवा, तलाव वगैरेला बऱ्याचदा तो लागतो. त्यांच्यासाठी 'हरकत राखून' हे शब्द जीवनमरणाचे आहेत, कारण कलम ७७ सांगतं की हरकत न नोंदवता पैसे घेतले तर कलम ६४ खाली वाढीव मागता येणार नाही. आणि निवाड्याच्या वेळी हजर असाल तर तो ६४ चा अर्ज सहा आठवड्यात द्यावा लागतो. त्यांच्याकडे जुन्या २८अ सारखं कलम ७३ पण आहे, मुदत तीच तीन महिने. हायवेच्या कायद्यात प्रोटेस्टची अट अशा शब्दात लिहिलेली नाही, तरीसुद्धा तुम्ही लिहाच, उद्या समोरचा वकील 'यांनी राजीखुशीने घेतले' असं म्हणायला नको.

तुम्हाला रक्कम पटली नाही तर ३जी(५) खाली लवादाकडे अर्ज करायचा, हा लवाद केंद्र सरकार नेमतं आणि आपल्याकडे तो बहुतेक जिल्हाधिकारी किंवा आयुक्त पातळीवरचा अधिकारी असतो. लोक मला म्हणतात ताई तेही सरकारचेच, काय वाढवणार. मी म्हणते तिथं पुरावा देऊन बघा. कारण लवादाच्या पुढं जिल्हा कोर्टात लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली गेलात तर कोर्ट नव्याने साक्षीपुरावे घेत बसत नाही, लवादासमोर जे ठेवलं नाही ते पुढं ठेवता येत नाही असंच धरून चाला. म्हणजे सगळा दाणागोटा लवादाच्या दारातच उतरवायचा. आणि त्याच्याही आधी, आत्ता, या ३जी च्या सुनावणीत.

म्हणून येऊ या डाळिंबावर, तुमच्या प्रकरणाचा जीव तिथं आहे.

रक्कम कशी बनते ते बघा. २०१५ पासून हायवेलाही २०१३ च्या कायद्याचा हिशेब लागतो. जमिनीचं बाजारमूल्य, गुणिले गुणांक, त्यात झाडं विहीर पाईपलाईन घर गोठा हे सगळं मिळवायचं, आणि जी बेरीज येईल तेवढीच रक्कम वर दिलासा म्हणून, ऑफिसात त्याला सोलेशियम म्हणतात, १०० टक्के. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के, हे तुमच्या केसमधे ३ए च्या तारखेपासून मोजायला सांगा. आता समजा, नुसतं समजायला म्हणून, जमिनीचे १२ लाख धरले, विहिरीचे ३ लाख, आणि झाडांचे ६ लाख. झाडं धरली तर बेरीज २१ आणि सोलेशियमसह ४२ लाख. झाडं सोडली तर १५ आणि ३०. म्हणजे ६ लाखाची झाडं यादीतनं गळाली की घराचे १२ लाख जातात. यादीतनं गळालेला प्रत्येक रुपया दोन रुपये घेऊन जातो हे डोक्यात पक्कं बसवा, मग तुम्हाला यादी पुन्हा पुन्हा वाचायचा कंटाळा येणार नाही.

७/१२ ला जिरायत आहे म्हणून झाडं नाहीत असं कोण म्हणतं? ७/१२ ची पीकपाहणी हा एक पुरावा आहे, एकुलता एक नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून आपणच मोबाईलवर भरायची झाली आणि शंभरातल्या कितीतरी जणांनी ती भरलीच नाही, कारण तेव्हा वाटतं कशाला पाहिजे. यापुढं प्रत्येक हंगामाला भरा, उरलेल्या जमिनीसाठी तरी. पण मागचं सिद्ध करायला तुमच्याकडं काय काय आहे ते आठवा. रोपं कुठनं आणली, नर्सरीचं बिल आहे का. ठिबकचं अनुदान घेतलं होतं का, घेतलं असेल तर त्या फाईलमधे कृषी खात्याच्याच माणसाने पाहणी करून सही केलेली असते, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही, ते अनुदान सरकारनेच दिलंय ना मग बाग नव्हती असं सरकार कसं म्हणेल. फळपीक विम्याच्या पावत्या. मार्केट यार्डाच्या हिशोबपट्ट्या, डाळिंबाचे क्रेट कधी किती गेले. बँकेचं बागेवरचं कर्ज. आणि गूगल अर्थवर मागच्या वर्षांचे फोटो दिसतात, तुमच्या गटावर जाऊन वर्षवार बाग दिसते का बघा आणि प्रिंट काढा.

हे सगळं जोडून प्रांत ऑफिसला, म्हणजे तुमचे जे सक्षम प्राधिकारी असतील त्यांना, एक अर्ज द्या की संयुक्त मोजणीत फळझाडं वगळली गेली आहेत, तालुका कृषी अधिकाऱ्यांमार्फत फेरपाहणी करून पंचनामा व मूल्यांकन व्हावं. फळझाडांची किंमत कृषी खातं ठरवतं, साग, कडुलिंबासारखी झाडं वनखातं बघतं, विहीर आणि बांधकाम पीडब्ल्यूडी. त्यामुळे तिघांच्या याद्या वेगवेगळ्या येतात आणि एकाची दुसऱ्याला खबर नसते, झाडं गळतात ती बहुतेक ह्या फटीत. कृषीवाले झाडाचं वय, बहार, वर्षाचं उत्पन्न, पुढं किती वर्षं फळ देणार हे धरून किंमत लावतात, म्हणून नुसतं ३१० झाडं लिहू नका, लागवड कुठल्या वर्षाची, अंतर किती, मागच्या तीन वर्षात माल किती निघाला हे लिहा.

मोजणी स्वतः करा. उद्या सकाळी घरातल्या दोघांनी जा, झाडाला चुन्याने नंबर टाका, १ ते ३१०, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा, ज्यात हायवेवाल्यांनी रोवलेले दगड पण दिसले पाहिजेत. व्हिडिओच्या सुरवातीला तारीख आणि गट नंबर तोंडाने बोला. वाळलेली, तेल्या रोग लागून गेलेली झाडं असतील तर ती पण दाखवा आणि तशीच सांगा. खरं सांगते, नोटीस आल्यावर रातोरात रोपं टोचणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्यामुळे खऱ्या बागवाल्याकडेही अधिकारी संशयाने बघतात. ३ए नंतर लावलेलं काही तुम्ही यादीत घालू नका, एका खोट्या झाडामागे शंभर खरी झाडं जातात.

विहिरीबद्दल तुम्ही निर्धास्त दिसता कारण ती यादीत लागलीय. थांबा जरा. पीडब्ल्यूडी विहिरीची किंमत लावते ती खोदाईची आणि बांधकामाची, किती फूट खोल, किती व्यास, कडं दगडी का सिमेंटचं. पण त्या विहिरीवर तुमची राहिलेली १३२ गुंठे भिजत होती ना? विहीर गेली की ती सगळी कोरडी पडली. हे नुकसान वेगळं आहे आणि ते मागायचा हक्क हायवेच्या कायद्यातच आहे, ३जी(७) मधे बाजारमूल्याच्या जोडीला लिहिलंय की जमीन तुटल्यामुळे आणि उरलेल्या मालमत्तेवर किंवा कमाईवर वाईट परिणाम झाल्यामुळे जे नुकसान होतं तेही धरायचं. लोक हे मागतच नाहीत, कारण मागायच्या फॉर्ममधे त्याचा रकाना नसतो. तुम्ही वेगळ्या कागदावर लिहा. उरलेली जमीन किती, रस्त्याच्या कुठल्या बाजूला किती तुकडा राहतो, पलीकडच्या तुकड्यात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर कुठनं जाणार, नवीन विहीर किंवा बोअर आणि वीज कनेक्शनला किती खर्च येईल त्याचं कोटेशन. पाईपलाईन रस्त्याखालनं न्यायला नळी टाकून द्या म्हणून आत्ताच लेखी मागा, डांबर पडल्यावर रस्ता फोडायची परवानगी मिळवायला चपला झिजतात.

आता रेट. बाजारमूल्य ठरवताना रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्याचा, दर आणि आजूबाजूच्या खरेदीखतांची सरासरी यात जे जास्त असेल ते धरायचं असतं. खरेदीखतं मागच्या तीन वर्षातली, तुमच्या किंवा जवळच्या गावातली, तशाच प्रकारच्या जमिनीची, आणि त्यातली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढायची, असं कलम २६ मधे आहे. ऑफिसने कुठली खतं धरली ती यादी मागून घ्या. बऱ्याचदा त्यात भावाभावातली, कमी किमतीची, कोपऱ्यातल्या माळरानाची खतं असतात आणि रस्त्याकडेची चांगली खतं राहून गेलेली असतात. नोंदणी खात्याच्या वेबसाईटवर ई-सर्च मधे इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखतांच्या नोंदींचे उतारे, बघता येतात, दुय्यम निबंधकांकडं फी भरून नकला मिळतात, दोन दिवस घालवा पण शोधा. बागायतीची तुलना बागायतीशी करा. शेजारच्या गावात आधीच्या संपादनात अमुक रेट मिळाला हे कारण एकट्याने चालत नाही, कायदा म्हणतो आधीच्या संपादनाचा मोबदला धरायचा नाही, म्हणून सगळा जोर खरेदीखतांवर ठेवा.

गुणांकाबद्दल गावात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, कोणी म्हणतं चौपट मिळणार, कोणी म्हणतं दुप्पट. ग्रामीण भागात गुणांक १ ते २ मधला किती ते राज्य सरकार ठरवतं आणि ते जीआर काढून मधे मधे बदललेलं आहे. गुणांक २ असेल तर सोलेशियम धरून जमिनीच्या भागाला चारपट होतं, १ असेल तर दुप्पट, फरक केवढा बघा. तुमच्या अधिसूचनेच्या तारखेला आणि तुमच्या प्रकल्पाला कुठला लागतो ते निवाड्यात कारणासह लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर लवादासमोरचा तो तुमचा पहिला मुद्दा.

सोलेशियमवरून आठवलं, हायवेत जमीन गेलेल्यांना आधी सोलेशियम आणि व्याज द्यायचेच नाहीत, १९९७ पासून कायद्यात तशी तरतूद घातली होती. पंजाब हरियाणाकडचे शेतकरी वर्षानुवर्षं भांडले आणि सप्टेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्त्यासाठी घेतली म्हणून कमी आणि कालव्यासाठी घेतली म्हणून जास्त असा भेद करता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ ला कोर्टाने हेही स्पष्ट केलं की हा निकाल फक्त पुढच्यांसाठी नाही, मागच्यांनाही आहे. तुमच्या चुलत्यांना हे वाचून दाखवा, आणि तुमच्या भागात पूर्वी हायवेला जमीन गेलेलं कोणी असेल तर त्यालाही सांगा.

बहिणींबद्दल मी स्पष्ट बोलते, रागवू नका. तुमच्या भावाने जो मार्ग सुचवलाय तो चुकीचा आहे, आणि कायद्यापेक्षा आधी माणूस म्हणून चुकीचा आहे. वडील गेल्यावर आईसकट तुम्ही पाच जण वारस आहात. वडिलोपार्जित असेल तर हिस्से थोडे वेगळे पडतील पण बहिणींचा हक्क कुठं जात नाही. राखी पौर्णिमेला आलेल्या बहिणीसमोर कागद ठेवून 'नुसती सही आहे गं, ऑफिसच्या कामाची' असं म्हणणारे भाऊ मी डोळ्यांनी पाहिलेत, आमच्या टेबलासमोर बसून तो कागद टाईप करून घेताना. पुढं त्यातल्या कितीतरी बहिणी कोर्टात आल्या, आणि आल्या नाहीत त्या माहेरी यायच्या बंद झाल्या. आता कायद्याची बाजू ऐका. वारसांमधे वाद आहे अशी एक जरी लेखी हरकत आली तरी सक्षम प्राधिकारी पैसे कोणालाच न देता दिवाणी कोर्टाकडे पाठवतात, ३एच(४) खाली, आणि मग ते किती वर्षं तिथं राहतील सांगता येत नाही. म्हणजे कटकट नको म्हणून जे करायचं त्यानेच सगळ्यात मोठी कटकट होते.

बहिणींना फोन करा, आणि फोन तुम्ही करा, भावाला सांगू नका. खरा आकडा सांगा. नोटिशीचा फोटो पाठवा. त्यांना घ्यायचं असेल तर त्यांच्या खात्यावर त्यांचा हिस्सा सरळ जाऊ दे, आणि आईच्या नावचा पण तिच्या खात्यावर. एखादी बहीण मनापासून सोडते म्हणाली तर तो तिचा निर्णय, मग रीतसर नोंदणी करून करा, तिच्या नवऱ्यासमोर, सगळं वाचून दाखवून. ७/१२ ला वारसनोंद झाली नसेल तर ती आधी तलाठ्याकडं लावून घ्या, पाचही नावं. मेलेल्या माणसाच्या नावावर निवाडा झाला की पैसे काढताना नाकी नऊ येतात.

एजंटबद्दल फार लिहीत नाही. १२ टक्के कशाचे? निवाड्याचा आकडा तो ठरवत नाही, गुणांक तो ठरवत नाही. असे लोक आधी कोरे चेक आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या मागतात, देऊ नका. चांगला वकील करा, ज्याने लवादाची कामं केलीत असा, फी आधी ठरवून, तिची पावती घेऊन. आणि कोणी 'संमतीने द्या, २५ टक्के जास्त मिळतील' म्हणून थेट खरेदीचा कागद पुढं केला तर सही करायच्या आधी समजून घ्या की थेट खरेदीत तुम्ही खरेदीखत करून देता, नंतर रेट कमी वाटला म्हणून वाढवून मागायला जागा राहत नाही. एखाद्याला ते परवडतंही, अडचण असते, पैसे लवकर मिळतात, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तुमची झाडं यादीत नसताना तुम्ही तो कागद करू नये असं माझं ठाम मत आहे.

टॅक्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण पुढच्या पत्रात तेच येईल. २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याला कलम ९६ ने आयकर माफ आहे आणि आयकर खात्याने २०१६ ला तसं परिपत्रक काढलंय. हायवेच्या प्रकरणात ऑफिसने टीडीएस कापलाच तर घाबरू नका, रिटर्न भरून परत मागा, पण ते सीएला विचारून. वाढीव रकमेवर जे व्याज मिळतं त्याचा हिशेब वेगळा असतो, तेही त्यालाच विचारा.

निवाडा हातात आला की त्याची सही शिक्क्याची प्रत घ्या, मूल्यांकनाच्या तक्त्यांसकट, आणि लवादाचा अर्ज महिनाभरात टाका. मुदत किती असते ह्या चर्चेत जाऊच नका, उशीर केला की समोरचा उशिराचाच मुद्दा पुढं करतो. लवादाने वाढवून दिलं तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज मिळतं, म्हणून ताबा कुठल्या दिवशी घेतला त्याची ताबापावती किंवा जेसीबी आला त्या दिवसाचा फोटो जपून ठेवा.

आणि ह्या आठवड्यात एवढं तरी कराच, झाडांचा अर्ज. दोन प्रती काढा. पाचही वारसांच्या सह्या असतील तर उत्तम, बहिणींशी बोलायला तेवढंच निमित्त होईल. प्रांत ऑफिसच्या आवकला एक प्रत द्या आणि दुसरीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, आवक नंबर, सही. आवकचा माणूस 'ठेवून जा, देतो नंतर' म्हणाला तर जाऊ नका, तिथंच बाकावर बसा, त्याच दुपारी स्पीड पोस्टाने पण एक प्रत पाठवा. पोच मिळाली की बाहेर येऊन तिचा फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका, बहिणी त्यात नसतील तर आधी त्यांना ॲड करा.